आईच्या हॉट सीटची तयारी: एका आठवड्याच्या प्रकल्प नोंदी

२९ मे २०२५, गुरुवार

आईला ‘कौन बनेगा करोडपती’साठी नाव नोंदवायचंय. तिने एकतीस वर्षं शाळेच्या कार्यालयात काम केलं, आता निवृत्त आहे आणि रात्री नऊ वाजता टीव्हीसमोर बसून उत्तरं सांगणं हा तिचा जुना क्रम. सध्या पर्व चालू नाही, म्हणून २०१९ सालच्या अकराव्या पर्वाचे भाग ॲपवर लावायचे आणि एक आठवडा शिस्तीत नोंद ठेवायची असं ठरलं. तेच पर्व का? नियम ठरलेले आहेत, आम्हाला पाठ आहेत आणि आईला त्यातले प्रश्न आता आठवत नाहीत. शेवटचं कारण मी तपासून घेतलं, तीन भागांचे तुकडे दाखवले, एकही प्रश्न ओळखीचा वाटला नाही.

आज नुसती चाचणी. आई सोफ्यावर, मी वही घेऊन शेजारी, बाबा आरामखुर्चीत. वीस मिनिटांत लक्षात आलं की अशी नोंद निरुपयोगी आहे. बरोबर उत्तर पडद्यावर हिरवं झालं की आई म्हणते, “हेच म्हणणार होते मी.” ती खोटं बोलत नाही, तिला खरंच तसं वाटतं. मलाही वाटतं. बाबांनाही. तिघांनाही सगळं येत होतं, वहीत मात्र काहीच नव्हतं.

म्हणून पहिला नियम: कागदावर लिहिलेलं तेच उत्तर. तोंडी उत्तर धरायचं नाही, आईने कितीही शपथा घेतल्या तरी.

१ जून, रविवार

वही आखली. दोनशे पानी, ६० रुपये. रकाने असे: प्रश्न क्रमांक, पर्याय ऐकण्याआधीचं उत्तर, पर्याय ऐकल्यावरचं अक्षर, खात्री, सेकंद, निकाल. खात्रीसाठी तीनच शब्द ठेवले: ठाम, बहुतेक, अंदाज. आधी मी टक्के लिहायला सांगत होते. आई प्रत्येक वेळी “ऐंशी लिही” म्हणायची, त्यामुळे टक्के काढून टाकले.

पर्याय ऐकण्याआधीचा रकाना माझ्या हट्टाने आला. चार पर्याय समोर असताना उत्तर ओळखणं आणि काही समोर नसताना आठवणं यांत किती फरक आहे ते मला बघायचं होतं. पुढे सगळ्यात जास्त उपयोग याच रकान्याचा झाला.

त्यासाठी पुठ्ठ्याची पट्टी कापून टीव्हीच्या खालच्या भागावर टांगली, म्हणजे पर्याय दिसणार नाहीत. पट्टी दोनदा पडली. चिकटपट्टी पडद्याला लावायची भीती, म्हणून मागून सुतळी ओवून कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवली. यात अख्खी दुपार गेली.

२ जून, सोमवार

पुठ्ठा फुकट गेला. अमिताभ बच्चन पर्याय मोठ्याने वाचतात, हे आम्ही तिघेही विसरलो होतो. आवाज बंद केला तर प्रश्न ऐकू येत नाही, आणि आईची भिस्त कानावरच जास्त. पट्टी काढली. आता प्रश्न वाचून संपला की पहिला पर्याय येईपर्यंत जे दोन-चार सेकंद मिळतात, त्यात आईने एक शब्द खरडायचा. नाही सुचलं तर आडवी रेघ मारायची.

त्याहून मोठी चूक मी केली. मला लिहायला वेळ पुरेना म्हणून प्रत्येक प्रश्नाला भाग थांबवत गेले. आईचे पंधरापैकी तेरा बरोबर आले. बाबा खूश. पण या पर्वाच्या खेळात पहिल्या पाच प्रश्नांना ४५ सेकंद मिळतात, सहा ते दहाला ६०, आणि घड्याळ फक्त अकराव्यापासून थांबतं. माझ्या थांबवण्यामुळे आईला पहिल्याच प्रश्नाला दीड-दीड मिनिट मिळत होतं. शिवाय त्या शांततेत बाबांशी चर्चाही होत होती. आजचा पूर्ण दिवस बाद. वहीच्या पानावर तिरपी रेघ मारली, पान फाडलं मात्र नाही.

३ जून, मंगळवार

थांबवणं बंद. वही आता आईच्याच हातात. ती उत्तर आणि खात्री लिहिते, मी मोबाइलवर सेकंद मोजते आणि निकाल भाग संपल्यावर भरते. बाबांना बोलायला मनाई. त्यांनी ती पाळली, पण उत्तर येत असलं की ते घसा खाकरतात आणि आईला ते कळतं. तेव्हा त्यांना मागच्या खुर्चीवर बसवून त्यांच्यासाठी वेगळा कागद दिला.

सतरा प्रश्न झाले. त्यातला एक इथे नोंदवायलाच हवा, कारण त्याने मला रात्री झोप लागू दिली नाही. स्पर्धकाचा चौथा प्रश्न, पाच हजारांचा. आईने चार सेकंदांत उत्तर लिहिलं, पुढे ‘ठाम’. चूक. प्रश्नात ‘इनमें से कौन सा नहीं है’ असं होतं आणि आईने ‘नहीं’ ऐकलंच नव्हतं. या पर्वात पहिला पडाव (इथवर पोचलं की तेवढी रक्कम पक्की) पाचव्या प्रश्नावर, दहा हजारांचा. त्याआधी चुकलं तर हाती शून्य. म्हणजे ज्या बाईला पुढच्या सहाही प्रश्नांची उत्तरं येत होती (ती तिने लिहिलीही, बरोबर), ती चौथ्या प्रश्नावर रिकाम्या हाताने घरी आली असती. आई पाच मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, “शाळेत मुलांना हेच सांगायचे मी, प्रश्न पूर्ण वाचा.”

४ जून, बुधवार

आज सोळा प्रश्न. पुन्हा एक ‘नहीं’ सुटला, पुन्हा ‘ठाम’.

दुसरी ठाम चूक आकड्याची. पर्याय हिंदीत वाचले गेले, आईने ‘नवासी’ ऐकून ७९ धरलं. नवासी म्हणजे ८९. ७९ला हिंदीत उनासी म्हणतात. आपल्याकडे एकोणऐंशी आणि एकोणनव्वद दोन्ही सारख्याच घडणीचे, तर हिंदीत उनासीची घडण वेगळी नि नवासीची वेगळी. आकडे पडद्यावर दिसत होते, पण आई ऐकून लिहिते, बघून नाही. सवय बदलायची: आकडा आला की नजर पडद्यावर.

भाग संपल्यावर दोघींनी बसून हिंदी-मराठीत फसवणाऱ्या शब्दांची यादी काढली. आई हिंदी उत्तम समजते, बोलतेही. तरी घाईत मेंदू आधी मराठी अर्थ पुढे करतो. शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण. चेष्टा म्हणजे प्रयत्न. संसार म्हणजे जग. राजीनामा म्हणजे समझोता, आपण ज्याला राजीनामा म्हणतो तो तिकडे इस्तीफा किंवा त्यागपत्र. आपत्ति म्हणजे हरकत. अवकाश म्हणजे रजा, आणि आपलं अवकाश ते अंतरिक्ष. उपन्यास म्हणजे कादंबरी. एकोणीस शब्द झाले. ही यादी स्वयंपाकघरात फ्रिजवर लावली. मराठी घरातून कुणी तयारी करणार असेल तर सामान्यज्ञानाच्या पुस्तकाआधी ही यादी करा, असं मी अगदी मनापासून सांगेन. तासाभराचं काम आहे.

५ जून, गुरुवार

हिंदीमुळेच आई अडते का, हा कालचा संशय तपासायला आज मराठी कार्यक्रम लावला: ‘कोण होणार करोडपती’, सोनी मराठीवरचं २०१९ सालचं पर्व, नागराज मंजुळे सूत्रसंचालक. पैशांचा हिशेब आज केला नाही, फक्त सेकंद मोजले.

हिंदीत आईला अक्षर लिहायला सरासरी ११ सेकंद लागत होते. मराठीत ८. पर्यायांआधी उत्तर सुचण्याचं प्रमाणही आज जास्त होतं. एका दिवसावरून फार काही ठरवता येत नाही, प्रश्नही वेगळे होते. पण आईचा चेहरा वेगळा होता, ते मी पाहिलं. ती पुढे सरकून बसली होती. भाग संपल्यावर म्हणाली, “इथे मला आधी प्रश्न उलगडावा लागत नाही.” मराठी पर्व पुन्हा आलं तर आधी तिथे नाव द्यायचं, हे दोघींनी ठरवून टाकलं. हिंदीची तयारी चालूच.

६ जून, शुक्रवार

अठरा प्रश्न. आज एकही ‘नहीं’ सुटला नाही. आईने नवा उपाय काढला: वहीच्या कोपऱ्यात आधी ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं, प्रश्न काय मागतोय त्याप्रमाणे, आणि मगच उत्तराकडे वळायचं. दोन सेकंद जातात, ४५ मध्ये ते परवडतात.

रात्री दादा आला, मग खेळ कुठे सोडायचा यावर बसलो. यात माझी आधीची मोठी चूक उघडी पडली. मी आईला सांगत आले होते की खात्री नसेल तर सोड. पण पहिला पडाव गाठल्यावर चुकलं की शून्यावर जात नाही, मागच्या पडावावर जातो. अकराव्या पर्वात दुसरा पडाव दहाव्या प्रश्नावर, ३ लाख २० हजारांचा. हातात ३ लाख २० हजार असताना ६ लाख ४० हजारांचा प्रश्न चुकला तरी हातचं काहीच जात नाही. तिथे सोडण्यात अर्थच नाही, निव्वळ अंदाज असला तरी उत्तर द्यायचं. दहा हजारांवर असतानाच्या सहाव्या प्रश्नालाही तेच.

दादाने पुढचा हिशेब मांडला. हातात ६ लाख ४० हजार, प्रश्न साडेबारा लाखांचा: बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्क्यांच्या वर वाटली तर खेळणं परवडतं. साडेबारा लाखांवरून पंचवीससाठी ४३ टक्के. पंचवीसवरून पन्नाससाठी ४७. पन्नास लाखांवरून कोटीसाठी ४८. म्हणजे पडावापासून जितकं दूर जाल तितकी जास्त खात्री हवी. दोन पर्याय बाद करता आले की उरलेल्या दोघांत ५० टक्के, तेव्हा कागदावर तरी प्रत्येक पायरीवर खेळणंच बरोबर. बक्षिसावर ३० टक्के आयकर आणि वर उपकर जातो, पण तो सगळ्याच रकमांवर जातो, त्यामुळे ढोबळ प्रमाण तेच राहतं.

कोटीवरून सात कोटींचा आकडा मात्र विचित्र निघाला: १४ टक्के. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी २५ टक्के असतात, म्हणजे हिशेब म्हणतो की खेळा. दादा दोनदा तपासून म्हणाला, बरोबर आहे. आई म्हणाली, “हातातल्या कोटीतले शहाण्णव लाख एका बोटावर मी ठेवणार नाही.” मला आईचं पटलं. सरासरी काढायला तोच खेळ हजार वेळा खेळावा लागतो, आई एकदाच बसणार आहे.

यावरून बबिता ताडेंचा विषय निघाला. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या. शाळेत खिचडी शिजवायच्या, महिना १५०० रुपयांवर. याच पर्वात त्यांनी एक कोटी जिंकले आणि सात कोटींच्या प्रश्नावर खेळ सोडला. आईला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. शाळेची बाई म्हणून असेल, पण फक्त तेवढ्यासाठी नाही. “त्यांना थांबता आलं,” असं ती म्हणते.

तो प्रश्न आम्ही आईला घातला: कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? पर्याय राजस्थान, पंजाब, आंध्र प्रदेश, बिहार. पर्यायांआधी आईची आडवी रेघ. मग तिने राष्ट्रपती आठवायला घेतले, एकेक. प्रतिभाताई पाटील राजस्थानच्या राज्यपाल होत्या, हे तिला लगेच आठवलं. शंकरदयाळ शर्मा आंध्रात होते, पंजाबात होते, मग आपल्या महाराष्ट्रातही. प्रत्येकी एक झाला. झाकिर हुसेन बिहारला होते. इथे थांबली. चारही राज्यं बरोबरीत. मग तीन-चार मिनिटांनी: “अगं, कोविंद! ते बिहारहूनच आले ना.” बिहार. बरोबर.

दादा आणि मी टाळ्या वाजवल्या, पण खरी गोष्ट वहीत लिहिली: साडेसहा मिनिटं लागली, घरात, चहा घेऊन, समोर पणाला काही नसताना. तरी एक कळलं. आईला उत्तर ‘माहीत’ नव्हतं. ते तिने चार राज्यांच्या चार रकान्यांत माणसं बसवून काढलं.

मग याच कार्यक्रमात २०११ साली पाच कोटी जिंकलेल्या सुशील कुमारांचा तो पाच कोटींचा प्रश्न घातला. १६ ऑक्टोबर १८६८ला निकोबार बेटांचे हक्क ब्रिटिशांना विकून भारतातला आपला संबंध कोणत्या वसाहतवादी सत्तेने संपवला? पर्यायांत फ्रान्स होता. आईने तो आधी कापला: पुदुच्चेरी तर १९५४पर्यंत फ्रेंचांकडे होतं, मग १८६८ला त्यांचा संबंध कसा संपेल? पुढे तिला तामिळनाडूतला तरंगंबाडीचा किल्ला आठवला, सहलीत पाहिलेला, डॅनिश लोकांचा. डेन्मार्क. बरोबर.

७ जून, शनिवार

फास्टेस्ट फिंगर फर्स्ट. या पर्वात दहा जणांत चार गोष्टींचा क्रम सर्वांत आधी बरोबर लावणारा हॉट सीटवर जातो, त्यामुळे बाकी सगळी तयारी याच दारातून आत जाते. आम्ही हे आठवड्याच्या शेवटी ठेवलं, ही चूकच. पहिल्या दिवसापासून रोज पाच प्रश्न करायला हवे होते.

दादाने जुन्या कीबोर्डच्या चार कळांना ए, बी, सी, डीच्या चिकट्या लावल्या (चिकट्या २० रुपये) आणि वेळ मोजणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या फेरीत आईचं उत्तर ‘सीसीसीसी’ आलं. ती कळ जोरात, दाबून धरून ठेवते, आणि दाबून धरली की तेच अक्षर पुन्हा पुन्हा उमटतं. दादा आधी आईलाच हलक्या हाताने दाबायला सांगत होता. पाऊण तास गेला, आई चिडली. शेवटी प्रोग्राममध्येच एक अक्षर एकदाच धरायचं असं केलं, दहा मिनिटांचं काम.

प्रश्न आम्हीच तयार केले. उदाहरणार्थ, जुन्याकडून नव्याकडे लावा: दांडीयात्रा, शिवराज्याभिषेक, १८५७चा उठाव, पानिपतची तिसरी लढाई. आईला चारही सालं पाठ: १६७४, १७६१, १८५७, १९३०. तरी १२ सेकंद. कारण ती आधी चारही सालं मनात म्हणून मग क्रम लावायची. बदल केला: आधी फक्त सर्वांत जुनं शोध आणि लगेच कळ दाब, उरलेल्या तिघांत पुन्हा सर्वांत जुनं. दुपारपर्यंत ७ सेकंदांवर आली. चुका मात्र वाढल्या, वीसपैकी सहा. संध्याकाळी ८ सेकंद आणि वीसपैकी दोन चुका. तिथेच थांबलो, बोटं दुखायला लागली होती.

८ जून, रविवार

बेरीज. मंगळवार, बुधवार, शुक्रवार मिळून ५१ प्रश्न. सोमवार बाद, गुरुवार वेगळा.

पर्यायांआधी लिहिलेलं उत्तर बरोबर: २१. पर्याय ऐकल्यावर बरोबर: ३६. म्हणजे पंधरा उत्तरं आईला पर्यायांनी मिळवून दिली. मी तिला आठवडाभर “झटकन सुचलं पाहिजे” म्हणत होते, आणि तिचं खरं बळ कापत कापत जाण्यात आहे, शुक्रवारी दोनदा पाहिलं तसं. ते मी ओळखायला उशीर केला.

‘अंदाज’ दहा वेळा, तीन बरोबर. ‘बहुतेक’ बारा वेळा, आठ बरोबर. ‘ठाम’ एकोणतीस वेळा, पंचवीस बरोबर. मला काळजी त्या चार ठाम चुकांची आहे. ‘अंदाज’ असता तर आईने लाइफलाइन घेतली असती, लोकांचं मत विचारलं असतं. ठाम असताना ती विचारणारच नाही. त्या चारांतल्या दोन ‘नहीं’च्या, एक नवासीची. चौथ्यात माहितीचाच गोंधळ: पहिल्या महिला राज्यपाल आणि पहिल्या महिला मुख्यमंत्री. सरोजिनी नायडू आणि सुचेता कृपलानी, दोघीही उत्तर प्रदेशच्या, म्हणून वर्षानुवर्षं मनात अदलाबदल झालेली. आणि चारही उत्तरं पाच सेकंदांच्या आत लिहिलेली.

त्यावरून आईने स्वतःसाठी नियम लिहिला, वहीच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत: चौथा पर्याय वाचून होईपर्यंत पेन खाली. अगदी पहिल्या, हजार रुपयांच्या प्रश्नालाही.

खर्च ८० रुपये. वेळ आमच्या तिघांचा-चौघांचा मिळून चाळीस तासांच्या आसपास, त्यातले पुठ्ठा, सोमवार आणि कीबोर्ड मिळून आठ-नऊ वाया.

पुढच्या आठवड्यासाठी आईने पान आखून ठेवलंय. ‘हो/नाही’चा रकाना आता सर्वांत आधी आहे. शेवटी एक नवा रकाना तिने विचारून घेतला, बाबांच्या उत्तराचा. मागच्या खुर्चीवर बसून त्यांनी कागदावर लिहिलेली उत्तरं आज तिने पहिल्यांदा पाहिली. क्रिकेट आणि भूगोल यांत त्यांचं एकही चुकलेलं नाही.